ओबेरबाईंचे सहा गुण

अडकित्त्याचा आवाज थांबला तशी मी मोबाइलवरून मान वर केली. आण्णा सोप्यात खुर्चीवर बसला होता, मुद्दाम माझ्याकडे पाठ करून. अर्धी कातरलेली सुपारी त्याच्या हातात तशीच होती.

"काय झालं?" मी विचारलं.

"काय व्हायचंय? धार गेलीय याची."

धारबीर काही गेली नव्हती. आदल्याच दिवशी त्यानं लावून आणली होती. मी नुकतंच मोठ्यानं वाचलं होतं, "मंजिरी सुरुवातीलाच उतरणाऱ्या पाचात आहे," आणि त्यावर हात थांबला होता, एवढंच.

आण्णा माझा धाकटा भाऊ. भालचंद्र चौगुले, मिरजेच्या एका शाळेत तीस वर्षं पी.टी.चे सर. मंजिरी त्याची एकुलती एक मुलगी. त्या रविवारी संध्याकाळी ती फ्रान्समध्ये होती, मोंरिव्हाल नावाच्या गावात, तिथल्या पगारी बास्केटबॉल संघात. सामना त्यांच्याकडे भर दुपारी, आपल्याकडे दिवेलागणीला. हल्ली सगळे सामने मोबाइलवर दिसतात म्हणे. तेव्हा आम्हाला दिसायचे ते फक्त आकडे. एका पानावर दोन्ही संघांतल्या खेळाडूंची नावं एकाखाली एक आणि प्रत्येकीपुढे रकाने. किती मिनिटं खेळली, किती गुण, किती रिबाऊंड, किती पास, किती फाउल. तिकडे बॉल जाळीतून पडला की इकडे माझ्या हातातला आकडा बदलायचा. मंजिरीनं जाण्याआधी एकेक रकाना मला समजावून दिला होता.

खेळातलं मला ओ की ठो कळत नाही. पण आठ महिने ते आकडे वाचून पोरीची तब्येत मात्र कळायला लागली होती. फाउल वाढले की समजायचं, बाई चिडलीय. फ्री थ्रो चुकले की रात्रीची झोप झालेली नाही. मग मी फोनवर विचारायचे, "काल जागलीस ना गं?" आणि ती म्हणायची, "आत्या, तू आता खानावळ बंद कर आणि ज्योतिष सांगायला बस."

आण्णाला हे सगळं माझ्या तोंडून ऐकायला लागायचं, कारण तो तिच्याशी बोलत नव्हता.

तिला रेल्वेत खेळाडूंच्या कोट्यातून नोकरी लागली होती. कारकुनाची, पण पक्की. आण्णानं सगळ्या गल्लीत पेढे वाटले होते. दोन वर्षांनी पुण्यातल्या एका शिबिरात तिकडच्या कोचबाई आल्या, त्यांनी हिला बोलावलं, एका मोसमाचा करार झाला, आणि आमच्या बाईसाहेब राजीनामा देऊन मोकळ्या. "रेल्वे सोडलीस तर तुझं माझं बोलणं संपलं," आण्णा म्हणाला. तिनं सोडली. आमचं घराणं शब्दाला पक्कं, अकलेला नाही, त्यामुळे तो खरंच गप्प झाला. निरोप तेवढे चालायचे. "तिला सांग, थंडी आहे, कानाला बांध." "तिला म्हणावं, गुडघ्याला तेल लाव." फोनचा आवाज मोठा केलेला असायचा, दोघांना एकमेकांचं सगळं ऐकू जायचं, आणि मी मधे बसून तेच वाक्य पुन्हा इकडून तिकडे द्यायचे. पोरगी चार वर्षांची असताना तिची आई गेली. मी त्याआधीच विधवा होऊन भावाकडे आले होते. म्हणजे या दोघांच्या मधे बसायची मला सवयच.

त्या दिवशी सकाळी तिचा फोन आला.

"आत्या, एकटीच आहेस?"

"तुझा बाप अंघोळीला गेलाय. बोल."

"आजचा शेवटचा सामना गं. हरलो तर संघ खालच्या लीगमध्ये जातो. मग बाहेरच्या मुलींना ठेवत नाहीत. मे महिन्यात मी घरी."

"आणि जिंकलात तर?"

"तर अजून दोन वर्षांचा करार देणार म्हणाल्यात कोचबाई. पण समोर ती ओबेर आहे. दर सामन्याला पंचवीस गुण करते बया."

"करू दे की. तू तीस कर."

ती हसली, पण तोंडदेखलं. मग म्हणाली, "आण्णांना यातलं काही सांगू नकोस हं."

मी आण्णाला सांगितलं. लगेच नाही, चहा उकळेपर्यंत थांबले. माझ्या पोटात काही राहत नाही, त्याला मी तरी काय करणार.

त्यानं चहा बशीत ओतला, फुंकर घातली आणि म्हणाला, "तेल गेलं, तूप गेलं, हाती राहिलं धुपाटणं."

रविवारी संध्याकाळी माझी खानावळ बंद असते. दवाखान्यातल्या पेशंटांच्या नातेवाइकांना मी जेवण पुरवायचे. बाकी सगळ्या वारी या वेळी मान वर करायला फुरसत नसायची. रविवारी मी आणि मोबाइल. आणि खुर्चीत पाठमोरा आण्णा, सुपारी कातरत. आमच्याकडे सुपारी फारसं कुणी खात नाही. पण त्या मोसमात डबेच्या डबे भरले होते.

सामना सुरू झाला. मी वाचत राहिले. मी स्वतःशीच वाचतेय असं आम्ही दोघं धरून चाललो होतो.

"चार-दोन. चार-पाच. सात-पाच. मंजिरीचं अजून काही नाही... नऊ-दहा. मंजिरी, फाउल एक."

कट्, कट्, कट्.

"पंधरा-सतरा. दोननं मागं. मंजिरी शून्य."

कट्.

"एकोणीस-तेवीस. मंजिरी शून्य, फाउल दोन."

अडकित्ता गप्प.

अर्धा वेळ संपला तेव्हा मोंरिव्हाल अठ्ठावीस, समोरचे एकतीस. मंजिरीच्या ओळीत अठरा मिनिटं, गुण शून्य, रिबाऊंड शून्य, पास शून्य, फाउल दोन. एरवी आठ-नऊ गुण तिचे ठरलेले. मी पान बंद करून पुन्हा उघडलं. मग मोबाइल हलवूनसुद्धा पाहिला, थर्मामीटर झटकतात तसा. शून्याचं काही झालं नाही.

"आजारी असेल," मी म्हणाले. "सकाळी आवाजच बरोबर नव्हता तिचा."

आण्णा उठून आत गेला. कपाट उघडल्याचा आवाज आला. बाहेर आला तो पांढरा शर्ट आणि इस्त्री घेऊन. टेबलावर घोंगडी अंथरली आणि शर्टाला इस्त्री करायला लागला.

"हे काय आत्ता?"

"उद्या सकाळी जातो कवडे साहेबांकडं."

कवडे साहेब म्हणजे रेल्वेतले खेळाचे अधिकारी. तिच्या नोकरीचं त्यांनीच पाहिलं होतं, आणि राजीनामा दिला तेव्हा सगळ्यांत जास्त तेच चिडले होते.

"कशाला?"

"कशाला म्हणजे? परत घ्या म्हणायला. पाया पडायला लागलं तर पडतो."

"तू? जन्मात कुणापुढं वाकला नाहीस."

"मग आता वाकतो. कंबर अजून शाबूत आहे माझी."

"पण तू तर तिच्याशी बोलत नाहीस ना?"

"बोलत नाहीच. साहेबांशी बोलणार आहे."

मला हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही आलं. आठ महिने मी त्याला दगड म्हणत होते, तोंडावर म्हणत होते. तो दगड मान खाली घालून कॉलरचं टोक इस्त्रीनं दाबत होता, एकदा, दोनदा, तीनदा, जसं काही त्या कॉलरीवरच साहेबांचं मन वळणार होतं. इतका जीव होता त्याचा तिच्यावर, आणि दाखवायला मिळालं काय, तर शर्ट.

खेळ पुन्हा सुरू झाला. तिच्या ओळीकडं माझ्यानं बघवेना. मग मी सवयीप्रमाणे समोरच्या पंगतीत डोकावले. वाढणाऱ्या बाईची ही सवयच असते, आपल्या ताटाऐवजी दुसऱ्याच्या ताटात काय आहे ते बघायची. मी पान खाली सरकवलं आणि समोरच्या संघाची नावं वाचत गेले.

"अगं बाई, हिचंही आज काही खरं नाही."

"कुणाचं?"

"त्या ओबेरबाईंचं. पंचवीसवाल्या. दोनच गुण झालेत त्यांचे. एकाच दिवशी दोघींचे ग्रह फिरले बघ. बिचारीला बरं नसेल."

"काय म्हणालीस?"

"दोन गुण. अकरा बॉल टाकलेत, एक पडलाय."

"मिनिटं किती तिची?"

"बावीस."

"आणि मंजीची?"

आठ महिन्यांत त्यानं नाव घेतलं नव्हतं. मी पान वर सरकवलं. "बावीस."

"मघाशी अर्ध्या वेळेला ओबेरची किती होती?"

"ते मी कुठं बघितलं? थांब... पहिल्या अर्ध्याचं वेगळं देतात. अठरा."

"आणि हिची अठरा." आण्णा एकेक शब्द मोजून बोलत होता. "ती आत की ही आत. ती बाहेर की ही बाहेर. अक्का, दे तो मोबाइल."

त्यानं तो माझ्या हातातून घेतला, चष्मा कपाळावरून नाकावर ओढला आणि पहिल्यांदा स्वतः ते पान पाहिलं. बोटानं वर, खाली, वर, खाली. मग तो हसला. आवाज न करता, खांदे हलवत.

"ती आजारी नाही," तो म्हणाला. "कोचनं हिला सांगितलंय, तू काही करू नको. बॉलकडं बघू नको, जाळीकडं बघू नको. फक्त त्या बाईला सोडू नको. चिकटून राहा. अक्का, हिचा सगळा खेळ त्या बाईच्या ओळीत लिहिलाय!"

"म्हणजे ही उपाशी राहिली, का तर ती उपाशी राहावी म्हणून?"

"तसंच समज."

"मग शून्य चांगलं?"

"आज शून्यासारखं काही नाही."

एवढ्यात मला वास आला. "आण्णा, इस्त्री!"

शर्टाच्या खालच्या घेरावर इस्त्री तशीच ठेवलेली होती. मी धावत जाऊन उचलली. बदामी रंगाचा तिकोनी डाग पडला होता. आण्णानं वळूनसुद्धा पाहिलं नाही. तो आता माझ्या सतरंजीवर येऊन बसला होता आणि मोबाइल आम्हा दोघांच्या मधे धरला होता.

"मी असाच खेळायचो," तो म्हणाला. "सगळे मला चिकटा म्हणायचे. जिल्ह्याच्या सामन्यांत समोरचा मोठा खेळाडू असला की माझ्या गळ्यात. पेपरात कधी नाव आलं नाही. गुण नाहीत तर नाव कुठलं? तिला परसात तेवढंच शिकवलं मी. सावलीसारखं राहायचं, त्याच्या कमरेकडं बघायचं. हात फसवतो, डोळे फसवतात, कंबर नाही फसवत."

ते शिक्षण मला चांगलं आठवत होतं, कारण त्याची तालीम माझ्यावर व्हायची. आण्णा शाळेत गेला की नऊ-दहा वर्षांची ही बया स्वयंपाकघरात, गुडघे वाकवून, हात पसरून माझ्या पुढ्यात उभी. "आत्या, लाडवाच्या डब्यापर्यंत पोचून दाखव." हातात पातेलं असो की उलथनं, हिची सावली पुढं आहेच. मी ओरडायचे, "भवाने, बाजूला हो, पोळी करपतेय." पण मीही कमी नव्हते. एकीकडून जाते असं दाखवून दुसरीकडून सटकायचे. मग ती खिदळायची आणि पुन्हा समोर येऊन उभी राहायची. किती पोळ्या करपल्या त्या वर्षांत, माझ्या गिऱ्हाइकांना विचारा.

तिसऱ्या भागाअखेर पंचेचाळीस-पंचेचाळीस. ओबेर चार. मंजिरी शून्य, फाउल तीन.

"पाच झाले की बाहेर," आण्णा म्हणाला. "जप गं बाई."

शेवटचा भाग. आता मी वाचत नव्हते, दोघंही बघत होतो. बावन्न-बावन्न. चोपन्न-पंचावन्न. सत्तावन्न-छप्पन्न. ओबेर सहा. आणि मग मंजिरीच्या ओळीत तीनचे चार झाले.

"मेली!" आण्णानं मांडीवर थाप मारली. "हात घातला. नक्की हात घातला."

आणि पान अडकलं. मधोमध ते गोल चक्र फिरत राहिलं. मी मोबाइल खिडकीशी नेला, दाराशी नेला. आण्णा माझ्यामागून चालत होता, मान वाकडी करून. देवाचं नाव घेऊ म्हटलं तर कुठल्या देवाला बास्केटबॉल कळतं ते आठवेना. शेवटी अंगणात, तुळशीपाशी, पान उघडलं.

एकसष्ट-अठ्ठावन्न. सामना संपला होता. एकसष्टवाले आपण.

मी सगळ्यांत आधी खाली पाहिलं. ओबेर, सहा गुण. मग वर. मंजिरी, छत्तीस मिनिटं, चार फाउल, बाकी ओळभर शून्य. मला बालपणापासून परीक्षेतल्या शून्याची भीती. त्या दिवशी ती ओळ बघून मला रडू फुटलं.

"जेवायला वाढ," आण्णा म्हणाला. "काहीतरी गोड कर." आणि तुळशीजवळच उभा राहिला, आकाशाकडे बघत.

शिरा भाजायला घेतला आणि तिचा फोन आला, चेहरा दिसणारा. मागे नुसता कालवा. घामानं केस कपाळाला चिकटलेले, ओठावर सूज.

"आत्या, राहिलो आम्ही! आणि कोच म्हणतात, ही आता कुठं जात नाही!" मागून त्या कोचबाईंनी हिच्या डोक्यावर टपली मारली आणि त्यांच्या भाषेत काहीतरी ओरडल्या. "पण आत्या, तू घाबरली असशील ना? माझी ओळ बघून?"

"मी? छे. मला सगळं कळत होतं," मी म्हणाले.

पाठीमागून आण्णा खाकरला. "तिला विचार," तो म्हणाला, "चौथा फाउल..."

मी रव्यात झारा फिरवत होते. "माझे हात अडकलेत," मी म्हटलं. "शिरा लागेल. तूच विचार की." आणि मोबाइल त्याच्या हातात देऊन टाकला.

हात अडकलेले वगैरे काही नव्हते. दोघंही एकमेकांकडे बघत राहिली. ती तिकडे ओठ चावत होती, सुजलेला ओठ. इकडे आण्णा चष्मा काढून पुन्हा लावत होता. रव्याला खरंच वास यायला लागला, तरी मी ढवळलं नाही.

"चौथा फाउल कशाला केलास?" आण्णा म्हणाला. "हात खाली ठेवायचा होता."

"पाय उशिरा पडला, आण्णा. म्हणून हात गेला." तिचा आवाज फुटला. "तुम्ही बघितलंत?"

"बघायला कुठं मिळतंय? वाचलं."

"दर वेळी वाचता?"

"तुझी आत्या मोठ्यानं वाचते. कान बंद करता येतात होय मला?" त्यानं मोबाइल जवळ धरला. "ओबेरला सहा. मंजे, मी पण कुणाला सहावर ठेवलं नव्हतं कधी."

मग ती रडलीच. भर मैदानात, सगळ्यांच्या मधे, सहा फूट एक इंचाची मुलगी. रडता रडता हसायला लागली आणि म्हणाली, "आण्णा, आत्याला द्या. तिला एक सांगायचंय. आत्या, ती ओबेर आहे ना, ती डावीकडं जायच्या आधी उजवा खांदा टाकते. सगळ्या फसतात. पहिल्या मिनिटाला तिनं टाकला आणि मी म्हटलं, अगं, ही तर आत्या! लाडवाच्या डब्याकडं निघालीय!"

आयुष्यात मला पुष्कळांनी जेवण छान झालं म्हणून सांगितलंय. दवाखान्यातून बरे होऊन गेलेल्यांनी साड्या पाठवल्यात. पण त्या वाक्यानं मला जे झालं ते कशानंच झालं नव्हतं. मी पदर तोंडाला लावला आणि म्हणाले, "शिरा करपला तुझ्यापायी. ठेव फोन."

"साठ वर्षं बघतोय तुला," जेवताना आण्णा म्हणाला. "खांदा टाकतेस ते माझ्या ध्यानात नाही आलं."

"तुझं लक्ष लाडवावर," मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठले तर तो अंघोळ करून, गंध लावून तयार. अंगात तोच पांढरा शर्ट. डागाचा घेर पँटीत खोचलेला, कॉलर कडक.

"कुठं निघालास?"

"कवडे साहेबांकडं."

"आता कशाला? करार झाला की तिचा. आता पाया कशाला पडतोस?"

"पाया पडायला कोण जातंय?" त्यानं चपला पायात सरकवल्या, उंबऱ्यावर थांबला आणि ताठ उभं राहून कॉलर नीट केली. "सांगायला चाललोय साहेबांना. माझ्या मुलीनं काल शून्य गुण केले म्हणून."